एकच बिल, दोन फायनान्सर: खासगी ब्लॉकचेनवर परस्परविरोधी व्यवहार तपासताना

भोसरीतला एक छोटा कारखानदार मोठ्या कंपनीला सुटे भाग पुरवतो आणि ४,८०,००० रुपयांचं बिल लावतो. पैसे ९० दिवसांनी येणार, पगार मात्र सात तारखेला द्यायचे. म्हणून तो ते बिल फायनान्सरकडे वटवतो आणि वटणावळ कापून उरलेली रक्कम आजच घेतो. इथवर सगळं रीतसर आहे. तेच बिल त्याच दुपारी दुसऱ्या फायनान्सरकडेही वटलं, की गडबड सुरू. शेतजमिनीवर कर्ज काढलं तर सातबाऱ्यावर बोजा चढतो आणि पुढच्या बँकेला तो दिसतो. बिलाला तसा उतारा नाही, आणि एक फायनान्सर आपल्या वह्या दुसऱ्याला दाखवत नाही.

हा प्रश्न कल्पनेतला नाही. २०१८ मध्ये भारतातल्या तेव्हाच्या तिन्ही ट्रेड्स मंचांनी (छोट्या उद्योगांची बिलं ऑनलाइन वटवणारे मंच) एकाच बिलावर दोनदा पैसे उचलले जाऊ नयेत म्हणून मोनेटागो या कंपनीची सामायिक व्यवस्था सुरू केली; ती हायपरलेजर फॅब्रिक या खासगी ब्लॉकचेन उभारायच्या सॉफ्टवेअरवर उभी केलेली होती. त्या तिघांपैकी रिसीव्हेबल्स एक्स्चेंज ऑफ इंडिया मुंबईचंच. पुढचं प्रकरण त्या व्यवस्थेचं नाही. प्रश्न तोच घेऊन, फॅब्रिकच्या नमुना-कोडसोबत मिळणाऱ्या चाचणी-नेटवर्कवर उभारलेल्या एका छोट्या नमुन्याचं ते आहे. हे नेटवर्क एका लॅपटॉपवर चालतं, त्यामुळे खाली लिहिलेलं सगळं कुणालाही करून बघता येईल.

मांडणी साधी होती. दोन संस्था, म्हणजे फायनान्सर अ आणि फायनान्सर ब. प्रत्येकाचा एक पिअर (सामायिक नोंदवहीची, म्हणजे लेजरची, प्रत ठेवणारा नोड), दोघांत मिळून एक ऑर्डरर (व्यवहारांचा क्रम लावून ब्लॉक बनवणारा नोड). चेनकोडमध्ये, म्हणजे या ब्लॉकचेनवर चालणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, एकच महत्त्वाचं फंक्शन: बिलाची नोंद वाचायची, ते 'खुलं' असेल तर त्यावर फायनान्सरचं नाव घालून 'वटलेलं' करायचं, नसेल तर नकार द्यायचा. एंडॉर्समेंटचं धोरण, म्हणजे व्यवहारावर किती संस्थांच्या पिअरांच्या सह्या हव्यात हा नियम, मूळचंच ठेवलं होतं: बहुमत. दोनच संस्था असल्यामुळे बहुमत म्हणजे दोघांच्याही सह्या.

फॅब्रिकमध्ये भांडण कुठे मिटतं

बिटकॉइनवर काम केलेला माणूस इथे येताना एक चाचणी मनात घेऊन येतो: नेटवर्कचे दोन तुकडे करा, एकेका तुकड्यात एकेक व्यवहार सोडा, दोन्हीकडे ब्लॉक काढा, तुकडे पुन्हा जोडा आणि कोणती साखळी टिकते ते पाहा. बिटकॉइन कोअरच्या चाचण्यांत नेटवर्क तोडायची आणि जोडायची तयार सोयही आहे. फॅब्रिकमध्ये ही चाचणी लागूच पडत नाही. इथे पिअर ब्लॉक बनवत नाहीत, साखळीला फाटा फुटत नाही, आणि लिहिला गेलेला ब्लॉक मागे घेतला जात नाही.

इथला क्रम उलटा आहे. आधी पिअर चेनकोड चालवून पाहतो आणि 'मी हे वाचलं, हे लिहीन' अशी यादी सही करून देतो. लेजरला अजून धक्का लागलेला नसतो. वाचलेल्या प्रत्येक किल्लीसोबत (किल्ली म्हणजे नोंद ज्या नावाने ठेवली ते) तिची आवृत्ती नोंदली जाते. शेवटचा बदल कोणत्या ब्लॉकमधल्या कितव्या व्यवहाराने केला, ती ही आवृत्ती. मग ऑर्डरर व्यवहारांना रांगेत लावतो. व्यवहाराच्या आत काय आहे हे तो बघत नाही, त्यामुळे एकाच बिलावरचे दोन व्यवहार तो निर्विकारपणे एकाच ब्लॉकमध्ये घालतो. शेवटी प्रत्येक पिअर तो ब्लॉक स्वतःपुरता तपासतो: वाचताना असलेली आवृत्ती अजून तीच आहे का? नसेल तर व्यवहार बाद, कोड ११, म्हणजे एमव्हीसीसी रीड कॉन्फ्लिक्ट. बाद झालेला व्यवहार ब्लॉकमध्ये राहतो, फक्त त्याचं लिखाण लागू होत नाही.

निवाडा ठरतो तो एवढ्यावरच: रांगेतला क्रम आणि वाचलेली आवृत्ती. सगळे पिअर तीच रांग आणि तोच नियम वापरतात, त्यामुळे ते एकमेकांशी जुळणारच. चाचणीच्या कागदावर बहुतेक जण पहिली ओळ 'सर्व नोड्सवर नोंद सारखी आहे का' अशी लिहितात. ती ओळ या प्रकरणात एकदाही लाल झाली नाही, आणि ज्या वेळी व्यवस्था सपशेल चुकीची वागत होती त्या वेळीही ती हिरवीच होती. शोधायचं होतं ते दुसरंच: हरलेल्या फायनान्सरला आपण हरलो हे कळलं का, आणि पैसे सोडण्याआधी कळलं का?

टक्कर घडवून आणणं

दोन टर्मिनल उघडून दोन्हीकडे एकदम एंटर दाबणं ही सगळ्यांची पहिली युक्ती. चाचणी-नेटवर्कमध्ये ऑर्डरर १० व्यवहार जमेपर्यंत किंवा २ सेकंद होईपर्यंत थांबतो, त्यामुळे ही युक्ती बऱ्याचदा जमतेही. पण 'बऱ्याचदा' जमणारी चाचणी रोजच्या बिल्डमध्ये ठेवता येत नाही. यंत्रावर ताण असला की एक व्यवहार आधीच्या ब्लॉकमध्ये बसतो, दुसऱ्याचं एंडॉर्समेंट त्यानंतर होतं आणि टक्कर होतच नाही. चेनकोड सरळ 'आधीच वटलेलं आहे' म्हणतो. चाचणी पास होते, पण जे तपासायचं होतं ते राहूनच जातं.

फॅब्रिक २.४ पासून आलेल्या गेटवे क्लायंटमध्ये एंडॉर्स करणं (सही घेणं), सबमिट करणं (ऑर्डररकडे पाठवणं) आणि कमिटचा निकाल, म्हणजे व्यवहार लेजरवर लागू झाला की बाद, हे विचारणं या वेगळ्या पायऱ्या आहेत. तिथे घड्याळावरचं अवलंबन संपतं. आधी अ चा व्यवहार एंडॉर्स करून हातात धरायचा. मग ब चा एंडॉर्स करून धरायचा. दोघांनीही बिल 'खुलं' असतानाची आवृत्ती वाचलेली आहे. आता हवा त्या क्रमाने, हव्या तेवढ्या अंतराने सबमिट करायचे. दोन्ही एका ब्लॉकमध्ये हवेत तर लागोपाठ, वेगळ्या ब्लॉकमध्ये हवेत तर पहिल्याचा निकाल आल्यावर दुसरा. यंत्र कितीही मंद असलं तरी टक्कर ठरल्याप्रमाणेच होते.

अ पुढे, ब मागे: ब्लॉकच्या मेटाडेटामध्ये प्रत्येक व्यवहारासाठी एक बाइट असतो. तिथे पहिला बाइट ० (वैध), दुसरा ११. क्रम उलटवला की ब जिंकला, अ बाद. वेगवेगळ्या ब्लॉकमध्ये घातले तरी दुसरा बादच. दोन्ही पिअरवरून ब्लॉक उतरवून पाहिला, बाइट सारखे.

एवढ्यावर अहवाल लिहून टाकायचा मोह होतो. खरी मेख क्लायंटच्या बाजूला सापडली.

कमांडलाइनवरून व्यवहार पाठवला की 'इन्व्होक यशस्वी, स्टेटस २००' असं उत्तर येतं. ते अ लाही आलं आणि ब लाही आलं. या २०० चा अर्थ एवढाच की एंडॉर्समेंट मिळालं आणि ऑर्डररने व्यवहार स्वीकारला. कमिटची वाट पाहायला वेगळं सांगावं लागतं; ते सांगितल्यावरच हरलेल्या बाजूला 'व्यवहार अवैध ठरला' ही ओळ दिसते. नमुन्यातल्या फायनान्सरच्या बाजूचा कोड रक्कम सोडण्याचा आदेश सबमिटनंतर लगेच काढत होता. लेजरवर एकच मालक, दोन्ही पिअर एकमताने तेच सांगताहेत, आणि पुरवठादाराच्या खात्यात दोन ठिकाणांहून पैसे. ब्लॉकचेनने आपलं काम चोख केलं होतं.

आदेश कमिटच्या निकालानंतर काढायचा, हा बदल एका ओळीचा. निकालाची वाट पाहताना क्लायंटची मुदतच संपली तर काय, याला एक ओळ पुरत नाही. तेव्हा व्यवहार जिंकलाय की हरलाय हे माहीत नसतं. अशा वेळी 'हरला' समजून नवा व्यवहार पाठवणं जितकं चूक, तितकंच 'जिंकला' समजून पैसे सोडणं. त्याच व्यवहाराच्या आयडीने पुन्हा निकाल विचारत राहणं, हाच मार्ग. जुनाच सही केलेला व्यवहार परत सबमिट केला आणि पहिला आधीच ब्लॉकमध्ये गेलेला असला, तर दुसरी प्रत 'डुप्लिकेट आयडी' म्हणून, कोड ९ ने, बाद होते. म्हणजे नुकसान होत नाही, पण क्लायंटने तो ९ 'आपण हरलो' असा वाचला तर जिंकलेला फायनान्सर पैसेच सोडणार नाही. ही उलटी चूकही चाचणीत घातली.

न वाचता लिहिलं तर

वेग वाढवायला कुणीतरी चेनकोडमधलं वाचन काढून टाकतं: तपासणी आधीच ॲपमध्ये झालीय, इथे फक्त नाव लिहा. असा सुधारलेला चेनकोड लावून तीच टक्कर दिली. दोन्ही व्यवहार वैध, बाइट ० आणि ०. यादीत वाचलेली किल्लीच नाही, तर आवृत्ती कशाची तपासणार? मागून आलेल्याने पुढच्याचं नाव पुसलं, दोन्ही क्लायंटना यश कळवलं गेलं, दोन्ही पिअर जुळले. बोजा चढलेल्या बिलावरचा बोजा कुणालाही न कळता बदलला होता.

या एका चाचणीसाठी सगळा खटाटोप वसूल झाला असं माझं मत आहे. टक्कर ओळखणं ही नेटवर्कची कामगिरी वाटते, पण ती चेनकोडमधल्या एका वाचनावर टांगलेली असते.

गुप्तता आली आणि टक्कर गेली

खऱ्या फायनान्सरला आपला दर आणि ग्राहक स्पर्धकाच्या पिअरवर नको असतो. म्हणून नमुन्याच्या पुढच्या रूपात वटवल्याची नोंद प्रत्येक संस्थेच्या स्वतःच्या खासगी कलेक्शनमध्ये (फक्त तिच्याच पिअरवर राहणाऱ्या साठ्यात) गेली. सामायिक लेजरवर फक्त हॅश, म्हणजे मजकुरापासून काढलेला ठसा. चेनकोड वाचत होता, तपासत होता, मग लिहीत होता. टक्कर दिली, दोन्ही वैध!

कारण शोधायला वेळ लागला नाही. आवृत्ती तपासताना कलेक्शनचं नाव हा किल्लीचाच भाग असतो. अ च्या कलेक्शनमधलं बिल आणि ब च्या कलेक्शनमधलं बिल या फॅब्रिकच्या लेखी दोन वेगळ्या वस्तू आहेत. दोघांनी आपापल्या कपाटात पाहिलं, बिल तिथे नव्हतं, दोघांनी ठेवलं.

उपाय म्हणून सार्वजनिक भागात एक खूण-किल्ली ठेवली. बिलाच्या ओळखीचा हॅश, त्यापुढे फक्त 'वटलेलं', कुणाकडे ते नाही. टक्कर परत दिसू लागली. (बिल क्रमांक अंदाजाने ओळखता येण्याजोगे असतात, त्यामुळे साधा हॅश ही फार पातळ गुप्तता आहे. तो विषय वेगळा.)

पण त्यामुळे धोरण बदलावं लागलं. दोघांच्या सह्या हव्यात म्हटलं की अ चा गुप्त मजकूर एंडॉर्समेंटसाठी ब च्या पिअरकडे जाणार. म्हणून 'कोणत्याही एका संस्थेची सही पुरे' असं धोरण केलं, आणि त्याने दोन नवे प्रश्न उभे केले.

पहिला, मागे पडलेल्या पिअरचा. ब चा पिअर ऑर्डररपासून तोडला, पिअरांमधली गॉसिपही, म्हणजे त्यांची आपसातली ब्लॉकची देवाणघेवाणही, अडवली. अ ने बिल वटवलं, ब च्या पिअरला पत्ताच नाही. त्याने जुनी आवृत्ती वाचून सही दिली. तो व्यवहार अ च्या गेटवेमार्फत ऑर्डररकडे पाठवला. अ च्या पिअरवर तो ११ ने बाद. ब चा पिअर परत जोडला, राहिलेले ब्लॉक त्याने ओळीने घेतले आणि स्वतःच सही केलेला व्यवहार स्वतःच बाद केला. इथे व्यवस्था भक्कम निघाली. बहुमताच्या जुन्या धोरणात हाच प्रयोग केला तर व्यवहार ऑर्डररपर्यंत जातच नाही: अ चा पिअर 'आधीच वटलेलं' म्हणून नकार देतो आणि पुरेशा सह्या न मिळाल्यामुळे गेटवे तिथेच थांबतो. दोन पिअरांची उत्तरं अशी वेगळी आली की चेनकोडमध्ये दोष शोधायला बसण्याआधी एखादा पिअर मागे पडलाय का ते बघावं.

दुसरा प्रश्न अप्रामाणिकपणाचा. फॅब्रिक २.० पासून चेनकोडच्या एकाच मान्य व्याख्येखाली प्रत्येक संस्था स्वतःचं चेनकोड-पॅकेज बसवू शकते. ते तंतोतंत सारखं असण्याची सक्ती नाही. ब च्या पिअरवर न वाचता खूण-किल्ली लिहिणारं पॅकेज बसवलं. एकट्या ब ची सही धोरणाला पुरेशी, वाचन नाही म्हणून आवृत्तीची अडचण नाही, व्यवहार वैध. आवृत्तीची तपासणी अनवधानाने होणाऱ्या टकरीसाठी आहे, लबाडीसाठी नाही. लबाडी फक्त एंडॉर्समेंटचं धोरणच अडवू शकतं.

म्हणून किल्लीपुरतं धोरण वापरलं. १.३ पासून ही सोय आहे. खूण लिहिणारा व्यवहारच त्या किल्लीवर 'यापुढे बदल करायचा तर दोघांच्या सह्या' अशी अट लावतो. ब चा लबाड व्यवहार नंतर आला तर कोड १० ने, म्हणजे धोरण न पाळल्यामुळे बाद होतो. इथे एक गंमत झाली. आधी हिरव्या असलेल्या, प्रामाणिक टकरीच्या चाचण्या लाल झाल्या. एकाच ब्लॉकमध्ये आधीच्या व्यवहाराने किल्लीचं धोरण बदललं असेल, तर तीच किल्ली लिहिणारा मागचा व्यवहार आवृत्ती तपासण्याच्या आधीच, धोरणाच्या पायरीवर पडतो. निकाल ११ ऐवजी १०. व्यवहार बादच, फक्त नाव वेगळं. पण ज्या क्लायंटने '११ म्हणजे पुन्हा प्रयत्न, १० म्हणजे सुरक्षा विभागाला कळवा' असं लिहून ठेवलंय, तो एका निरागस टकरीवर धोक्याची घंटा वाजवेल. चाचणीत विशिष्ट कोडची अपेक्षा काढली. हरलेल्याने ताजी नोंद वाचायची आणि तिच्यावरून ठरवायचं.

पुन्हा प्रयत्न करण्याबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. तो नवीन एंडॉर्समेंटपासून झाला, तर चेनकोड 'आधीच वटलेलं' म्हणून नकार देतो आणि ऑर्डररकडे काही जातच नाही. फायनान्सरच्या माणसाला हेच उत्तर दिसायला हवं. 'रीड कॉन्फ्लिक्ट' वाचून त्याला काही बोध होत नाही.

एकाच बिलाच्या दोन किल्ल्या

शेवटची टक्कर सगळ्यात साधी आणि अजून पुरती न सुटलेली. दोन व्यवहारांनी एकच किल्ली वाचली तरच हे सगळं चालतं. एका फायनान्सरच्या कारकुनाने बिल क्रमांकात तिरपी रेघ टाकली, दुसऱ्याने आडवी. किल्ल्या दोन, व्यवहार दोन, दोन्ही वैध.

ई-इन्व्हॉइस असेल तर प्रश्न मिटतो. पुरवठादाराचा जीएसटी क्रमांक, आर्थिक वर्ष, दस्ताचा प्रकार आणि क्रमांक यांपासून बनलेला ६४ अक्षरी आयआरएन (ई-इन्व्हॉइसचा नोंदणी क्रमांक) किल्ली म्हणून वापरायचा. पण ऑगस्ट २०२३ पासूनची सक्ती ५ कोटींहून जास्त उलाढालीला आहे, आणि बिल वटवायची सर्वाधिक निकड त्याखालच्यांना. सगळी चिन्हं पुसून क्रमांक एकसारखे करावेत, तर जीएसटीच्या नियम ४६ प्रमाणे बिल क्रमांकात आडवी आणि तिरपी रेघ दोन्ही चालतात. म्हणजे फक्त रेघेने वेगळी असलेली दोन बिलं कायद्याने दोन खरी बिलं असू शकतात. एकसारखं केल्याने प्रामाणिक माणसाचं दुसरं बिल अडेल.

खरेदीदार, रक्कम आणि तारीख यांवरून मिळतंजुळतं बिल शोधावं, ही सूचना आली. काउचडीबी या डेटाबेसवरची रिच क्वेरी, म्हणजे किल्लीऐवजी मजकुरावरून शोध, त्यासाठी सोयीची वाटते, पण कमिटच्या वेळी तिचा निकाल पुन्हा तपासला जात नाही. दोघांनी एकाच वेळी शोधलं, दोघांना काही सापडलं नाही, दोघांनी लिहिलं, आणि दोन्ही वैध. टक्कर देऊन तसं दाखवताही आलं. त्यामुळे या तिघांपासून बनवलेली आणखी एक खूण-किल्ली लिहायला घेतली. चेनकोड ती आधी वाचतो, मग लिहितो. एकदम आलेल्या दोनांपैकी मागचा बाद होतो, आणि पुन्हा आल्यावर थेट नकार न मिळता माणसाने पाहायच्या यादीत पडतो. एकाच दिवशी, एकाच खरेदीदाराला, तेवढ्याच रकमेची दोन बिलं लावणारा पुरवठादार त्या यादीत विनाकारण अडकेल. त्याचं दुसरं बिल किती तासांत मोकळं व्हायचं, हे दोन फायनान्सरांनी आपसात ठरवायचं आहे. चेनकोडमध्ये त्यासाठी सध्या फक्त एक रिकामी जागा ठेवली आहे.